आयता शोध

दिवाळी अंकातल्या टीकालेखाचा विषय म्हटला की वाचकांना एखादी कादंबरी, एखादे नाटक, फार तर एखादा गाजलेला चित्रपट अपेक्षित असतो. मी ह्या वर्षी निराळ्याच वस्तूची समीक्षा करण्याचे योजिले आहे. ती कागदावर छापलेली नाही, तिच्यावर कर्त्याचे नाव नाही, आणि तिच्यात वाचण्याजोगी ओळ म्हणाल तर एकच आहे. ती ओळ ब्राउझरच्या सेटिंग्जमध्ये असते. आपण वरच्या पट्टीत एखादा शब्द टाइप केला की तो कोणत्या शोधयंत्राकडे पाठवावयाचा, हे ती ओळ ठरवते. एवढ्याशा ओळीवर टीकालेख कशाला, असे कोणी विचारील. माझे उत्तर असे की, आज घरोघरी आजोबांपासून चौथीतल्या पोरापर्यंत जे काही वाचले जाते, त्यातले बरेचसे ह्या एका ओळीच्या दारातून आत येते. जिच्यामुळे एवढे वाचले जाते, परंतु जी स्वतः जवळजवळ कोणीच वाचलेली नाही, अशा ओळीकडे टीकाकाराने पाहिले नाही तर कोणी पाहावयाचे?

यंत्राचे शास्त्र मला कळते असा माझा दावा नाही. मी मॅट्रिकपर्यंत शिकलेली शिक्षिका. फावल्या वेळात कादंबऱ्या लिहिते. परंतु शब्द कोठून आला, तो कोणाच्या सोयीने वापरला जातो आणि कोणती गोष्ट आधी सांगितली म्हणजे कोणती मागे पडते, एवढे मला पाहता येते. आणि ह्या विषयात नेमकी त्याचीच गरज आहे.

प्रथम शब्दच घेऊ. इंग्रजीतल्या ‘डिफॉल्ट’ ह्या शब्दाचा मूळ अर्थ उणीव, चूक, कसूर. कर्ज थकवणाऱ्याला आपली वर्तमानपत्रे ‘डिफॉल्टर’ म्हणतात ती त्याच अर्थाने. कोर्टात पक्षकार तारखेला हजर राहिला नाही म्हणजे त्याच्या गैरहजेरीत जो निकाल लागतो, त्यालाही इंग्रजीत हाच शब्द लावतात. संगणकाच्या भाषेतला अर्थ ह्या कोर्टातल्या अर्थाच्या अगदी जवळचा आहे : तुम्ही काही बोलला नाहीत, म्हणून तुमच्या वतीने आम्ही ठरवून टाकले. मराठीत येताना मात्र ही गैरहजेरीची छटा पार पुसली गेली. कोणी ‘पूर्वनिर्धारित’ म्हणतात. त्या शब्दाला प्राक्तनाचा वास येतो, जणू सटवाईने पाचव्या रात्री कपाळावर लिहून ठेवले. कोणी ‘मूलभूत’ म्हणतात. ते ऐकून मूलभूत हक्कांची आठवण होते, आणि जी गोष्ट दोन कंपन्यांच्या करारातून आली ती पायाचा दगड वाटू लागते. बाकीचे ‘डीफॉल्ट’ असाच शब्द ठेवतात, म्हणजे वाचणाऱ्याला काहीच कळावयास नको.

मला विचाराल तर आपल्याकडे ह्यासाठी एक घरगुती शब्द आहे : आयते. आयते शोधयंत्र. आयते मिळाले ते नेहमी वाईटच असते असे नाही. आजीने झाकून ठेवलेले ताटही आयतेच. परंतु ‘आयत्या बिळावर नागोबा’ ही म्हणही त्याच शब्दाची. बीळ कोणी खणले आणि आत येऊन बसला कोण, एवढा प्रश्न तरी हा शब्द विचारावयास लावतो. ‘पूर्वनिर्धारित’ तो विचारू देत नाही.

आता ह्या आयतेपणाला किंमत असते, आणि ती किती, ह्याचा आकडा न्यायालयाच्या दप्तरात नोंदला गेला आहे. अमेरिकेच्या न्याय विभागाने ऑक्टोबर २०२० मध्ये गुगलविरुद्ध दावा लावला. त्यावर मूळचे गुजरातेतल्या पाटणचे असलेले न्यायाधीश अमित मेहता ह्यांनी ५ ऑगस्ट २०२४ रोजी निकाल दिला की, शोधाच्या बाजारातली आपली मक्तेदारी गुगलने बेकायदेशीर रीतीने टिकवली. आपले शोधयंत्र आधीपासून बसवलेले असावे म्हणून फोन बनवणारे, ब्राउझर बनवणारे आणि दूरध्वनी कंपन्या अशा सर्वांना मिळून गुगलने २०२१ ह्या एकाच वर्षात २६.३ अब्ज डॉलर दिले, असे त्या खटल्यात उघड झाले. त्या वेळच्या दराने हे सुमारे दोन लाख कोटी रुपये होतात. पुढल्या वर्षी, म्हणजे २०२२ मध्ये, एकट्या ॲपलच्या पदरात सुमारे २० अब्ज डॉलर पडले.

वाचकहो, जी ओळ आपण कधी ढुंकूनही पाहिली नाही, तिला एवढे मोल कसे आले? आपण पाहत नाही म्हणूनच आले. ‘हवे तेव्हा बदलता येते’ असे ह्या कंपन्या नेहमी सांगतात, आणि ते खोटे नाही. परंतु बदलता येण्याजोगी वस्तू बहुतेक लोक बदलणार नाहीत, ह्या खात्रीचेच तर हे पैसे आहेत. ती खात्री किती पक्की आहे, ह्याचे उदाहरण निकालपत्रातच सापडते. मायक्रोसॉफ्टच्या एज ह्या ब्राउझरमध्ये बिंग हे शोधयंत्र आयते बसवलेले असते. आणि एजवर होणाऱ्या शोधांपैकी सुमारे ८० टक्के शोध बिंगवरच होतात. एजच्या बाहेर बिंगचा वाटा ह्याच्या जवळपासही नाही. माणसे तीच, शब्द तेच. फक्त कोणी आधी येऊन बसले, एवढाच फरक.

गुगलची बाजूही ऐकली पाहिजे, कारण ती पोकळ नाही. २०२१ मध्ये युरोपीय न्यायालयापुढे त्यांच्या वकिलांनी सांगितले की, बिंगवर सर्वांत जास्त शोधला जाणारा शब्द कोणता, तर ‘गुगल’! लोकांना जे हवे तेथे ते वाट काढून जातात, असा ह्याचा इत्यर्थ. फायरफॉक्सचा इतिहासही काहीसा असाच आहे. मोझिला ह्या संस्थेने २०१४ मध्ये अमेरिकेपुरते आयते शोधयंत्र बदलले आणि करार करून गुगलच्या जागी याहू आणले. अनेकांना ते रुचले नाही; त्यांनी स्वतः सेटिंग्जमध्ये जाऊन गुगल परत बसवले. पुढे २०१७ मध्ये मोझिलानेही याहूचा करार संपवून गुगलची वाट धरली. तेव्हा वाईट वस्तू आयती दिली तर काही लोक उठून ती बदलतात, हे कबूल केले पाहिजे. परंतु मग एक साधा प्रश्न उरतो. माल इतका उत्तम आहे की गिऱ्हाईक वाट वाकडी करून येते, तर पेठेच्या तोंडाशी असलेला प्रत्येक गाळा एवढे भाडे भरून का अडवून ठेवावा? ह्या प्रश्नाचे समाधानकारक उत्तर मला गुगलच्या बाजूकडून मिळालेले नाही.

येथपर्यंत झाला तो व्यापार. माझ्या दृष्टीने महत्त्वाची गोष्ट पुढेच आहे. शोधयंत्र आपल्यापुढे जी यादी मांडते, तिला मी वाङ्मयाच्या भाषेत ‘निवडक वेचे’ म्हणेन. आपण ज्यांना निवडक वेचे म्हणतो त्या पुस्तकावर संपादकाचे नाव असते. प्रस्तावनेत तो आपले निकष सांगतो. आणि त्याने एखाद्या चांगल्या लेखकाला वगळले तर पुढच्या अंकात आपण त्याला धारेवर धरतो. शोधयंत्राचा संपादक ह्यातले काहीच करत नाही. ‘पानिपत’ हा एक शब्द घ्या. १४ जानेवारी १७६१ ची लढाई म्हणजे पानिपत. हरियाणातले शहर ते पानिपत. विश्वास पाटील ह्यांची १९८८ सालची कादंबरी ‘पानिपत’. आशुतोष गोवारीकर ह्यांचा २०१९ चा चित्रपट ‘पानिपत’. आणि गणिताच्या पेपरात पोराचे होते तेही पानिपतच. ह्यातले पहिले कोणते यावे? कोणीतरी क्रम लावलाच पाहिजे, आणि क्रम लावणे म्हणजे मत देणे.

कोशकारांनी ह्या अडचणीतून फार पूर्वी वाट काढली. मोल्सवर्थने १८३१ साली आपला मराठी कोश छापला त्यात ‘अ’ पहिला आला, तो काही कोणाच्या वशिल्याने नव्हे. वर्णक्रम आंधळा असतो, म्हणूनच त्याच्या दारात कोणाला पैसे मोजून पुढे सरकता येत नाही. शोधयंत्राचा क्रम डोळस आहे : तुम्हांला काय हवे असेल ह्याचा तो अंदाज करतो, वरच्या अंगाला जाहिराती मांडतो, आणि अलीकडे तर दुव्यांच्याही आधी यंत्राने जुळवलेला सारांश पुढे करतो. डोळस क्रम टाकून द्यावा असे मी म्हणत नाही. साऱ्या जगाचा पसारा वर्णक्रमाने मांडला तर आपण ‘अ’मध्येच म्हातारे होऊ. माझे म्हणणे इतकेच की, डोळस क्रम हे मत आहे, आणि मताला दुसऱ्या मताची जोड हवी. साऱ्या घराने, साऱ्या गावाने, जन्मभर एकाच टीकाकाराचे ऐकून पुस्तके घ्यावीत, असे आपण कधी कोणाला सांगू का? शाळेत प्रकल्पाच्या वह्या तपासताना तीस वह्यांत तीच पाच वाक्ये त्याच क्रमाने येतात, तेव्हा हा प्रश्न मला कल्पनेतला वाटत नाही. मुलांनी एकमेकांची कॉपी केलेली नसते. सगळ्यांना पहिले मत एकच मिळालेले असते, आणि दुसरे असते हे कोणी सांगितलेले नसते.

भाषेनेही ह्या कामी हातभार लावला आहे. वनस्पती तुपाला आपण ‘डालडा’ म्हटले, छायाप्रतीला ‘झेरॉक्स’ म्हटले, दात घासण्याच्या कुठल्याही पेस्टला ‘कोलगेट’ म्हटले. तसेच शोधण्याला आता ‘गुगल कर’ म्हणतो. इंग्रजीच्या ऑक्सफर्ड शब्दकोशाने हे क्रियापद २००६ मध्येच दाखल करून घेतले. डालडा म्हणूनही वाण्याकडून दुसरा डबा आणता येत असे. परंतु जेथे वस्तू आधीच घरात बसवलेली आहे, तेथे नावाचे क्रियापद झाले म्हणजे निवड करावयाची असते हेच विसरले जाते.

मराठीपुरता ह्या प्रश्नाला आणखी एक पदर आहे, आणि तो मला सर्वांत काळजीचा वाटतो. आपली भाषा शब्दाला मूळ रूपात राहू देत नाही. ‘विहीर’ म्हटले की ‘विहिरीत’, ‘विहिरीवरून’, ‘विहिरींपाशी’ अशी रूपे आली. ऱ्हस्वाचे दीर्घ आणि दीर्घाचे ऱ्हस्व झाले. शिवाय १९६२ चे शुद्धलेखनाचे नियम येण्यापूर्वीची पुस्तके ‘नांव’, ‘कांहीं’ असे अनुस्वार देऊन छापलेली. ही सारी रूपे एकाच शब्दाची आहेत, हे यंत्राला शिकावे लागते. ते शिकते आपल्याकडूनच : आपण काय लिहिले, कशावर बोट ठेवले, काय सोडून दिले, ह्यावरून. न्यायाधीश मेहता ह्यांच्या निकालपत्रात ह्याच गोष्टीला मोठे महत्त्व आहे. ज्याच्याकडे जास्त लोक येतात ते शोधयंत्र जास्त शिकते. आणि क्वचित विचारल्या जाणाऱ्या प्रश्नांत हा फरक सर्वांत ठळक दिसतो. जगाच्या मापाने मराठीतला प्रश्न हा क्वचितचाच प्रश्न. म्हणून लहान शोधयंत्र मराठीत कच्चे राहते. कच्चे म्हणून आपण तेथे जात नाही. आणि आपण जात नाही म्हणून ते कच्चेच राहते. आयतेपणाचे खरे नुकसान मला येथे दिसते. दुसरे मत मिळत नाही एवढेच नव्हे, तर दुसऱ्याला मराठी शिकण्याची संधीच मिळत नाही. सप्टेंबर २०२५ मध्ये मेहता ह्यांनी उपाय सांगितले. त्यांत एकट्यानेच जागा अडवणारे करार करण्यास बंदी आली, आणि शोधाची काही माहिती पात्र स्पर्धकांना देण्याचा आदेशही आला. तथापि, आयत्या जागेसाठी पैसे देण्याची मुभा राहिली. ह्या उपायाचा लाभ मराठीपर्यंत कधी झिरपेल, तो झिरपो. आपण आपल्या हातातले पाहू.

मात्र हातातले पाहावयास गेले की उत्साही मंडळींचीही थोडी खरडपट्टी काढावी लागते. ‘डकडकगो वापरा, झाले स्वातंत्र्य’ असे सांगणारे मला भेटतात. त्यांच्या म्हणण्यात तथ्य आहे : २००८ पासून चाललेले ते शोधयंत्र कोणी काय शोधले ह्याची माणसागणिक नोंद ठेवत नाही, आणि हा गुण लहान नव्हे. परंतु त्याचे दुवे मुख्यतः बिंगकडून येतात. याहूचेही तसेच, बर्लिनचे झाडे लावणारे इकोझिया हेही पुष्कळसे त्याच पाण्यावर. २३ मे २०२४ रोजी बिंग काही तास बंद पडले, तेव्हा डकडकगो आणि इकोझिया ह्यांच्याही घागरी रित्या राहिल्या. रहाट अनेक दिसतात, विहिरी थोड्या. ब्रेव्हसारख्या काहींनी स्वतःची विहीर खणली आहे. इकोझिया आणि फ्रान्सचे क्वांट ह्यांनी मिळून ती खणण्याचे २०२४ मध्ये जाहीर केले. तेव्हा केवळ नाव बदलले म्हणजे मत बदलले, असे समजू नये. मुखपृष्ठ नवे आणि आतला मजकूर तोच, अशा पुस्तकांचा अनुभव आपल्याला आहेच.

एवढे करून बदलणे सोपे तरी आहे काय? येथे त्या सेटिंग्जच्या पानावर टीकाकार म्हणून माझा स्पष्ट आक्षेप आहे. काही ठिकाणी ते तीन ठिपके, मग सेटिंग्ज, मग शोध इंजिन अशा तीन उंबऱ्यांपलीकडे असते. आयफोनवर सफारीसाठी ते ब्राउझरमध्ये नसून फोनच्याच सेटिंग्जमध्ये असते. एजमध्ये तर गोपनीयतेच्या प्रकरणाच्या पार तळाशी पुरलेले. आणि पोहोचल्यावर दिसते काय? बहुधा नुसती पाच-सहा नावे. हे शोधयंत्र कोठले, त्याची विहीर कोणाची, ते नोंद ठेवते की नाही, ह्यांविषयी अक्षर नाही. पुस्तकाच्या पाठीवरचे नाव वाचून ग्रंथ निवडावा, तसा हा प्रकार. शोधाच्या धंद्यात मुरलेल्यांनाही हा उंबरा ओलांडता आला नाही. गुगलच्या जाहिरात विभागाचे प्रमुख राहिलेले श्रीधर रामस्वामी ह्यांनी नीवा नावाचे जाहिरातविरहित शोधयंत्र काढले. २०२३ मध्ये ते बंद करताना संस्थापकांनी सांगितले की, शोधयंत्र बांधण्यापेक्षा लोकांना ते बदलावयास लावणे अवघड गेले.

आपल्या देशात ह्यावर एक उपाय झाला आहे. भारतीय स्पर्धा आयोगाने २० ऑक्टोबर २०२२ रोजी अँड्रॉइड फोनांच्या प्रकरणात गुगलला १,३३७.७६ कोटी रुपये दंड केला, आणि नवा फोन लावतानाच शोधयंत्र निवडण्याची सोय देण्याचा आदेश दिला. अपील न्यायाधिकरणाने पुढच्या वर्षी दंड कायम केला. जानेवारी २०२३ मध्ये गुगलने तशी निवड विचारणारा पडदा दाखवण्याचे जाहीर केले. चांगली गोष्ट आहे. परंतु आपल्या घरांत नवा फोन कोण लावतो? एक तर दुकानातला पोऱ्या, नाही तर घाईत असलेला भाचा. आणि दोघेही ‘पुढे, पुढे’ करत जातात. आयोगाने मिळवून दिलेला प्रश्न आजीपर्यंत पोहोचतच नाही. कोर्टाने तारीख दिली, आणि पक्षकार पुन्हा गैरहजर!

एक सोय मात्र मला खरोखर आवडली, आणि तिची कोणी फारशी वाच्यता करत नाही. संगणकावरच्या क्रोमसारख्या ब्राउझरमध्ये यादीतली नावेच घ्यावीत असे नाही. आपल्या पसंतीचे स्थळ आपण स्वतः शोधयंत्र म्हणून जोडू शकतो. त्या स्थळाच्या शोधाचा पत्ता द्यावयाचा, आणि शब्द जेथे पडावयाचा तेथे टक्क्याचे चिन्ह व इंग्रजी ‘एस’ हे अक्षर ठेवावयाचे. आम्हां शिक्षकांना हे ओळखीचे आहे : ती गाळलेली जागा होय. २००३ मध्ये सुरू झालेला मराठी विकिपीडिया अशा रीतीने जोडता येतो, आणि एखादे आखूड अक्षर ठरवून वरच्या पट्टीतूनच त्याला प्रश्न विचारता येतो. त्याने मुख्य शोधयंत्र हलत नाही, परंतु दुसरे मत एका अक्षराच्या अंतरावर येऊन बसते.

तेव्हा समीक्षेचा निर्णय द्यावयाचा तो असा. ही ओळ लिहिणाऱ्यांनी वाचकाच्या आळसावर भिस्त ठेवून लिहिली आहे, आणि रचना म्हणून ती अप्रामाणिक आहे. तिच्यातून येणारा माल मात्र पुष्कळदा उत्तम असतो; ह्या दोन गोष्टींची गल्लत करू नये. म्हणून ‘गुगल सोडा’ असा फतवा मी काढत नाही. दोन शोधयंत्रे ताडून पाहिल्यावर एखाद्या घराने पुन्हा तेच ठेवले, तर मला त्यात वावगे वाटत नाही, कारण त्या घटकेपासून ते आयते राहत नाही, निवडलेले होते.

ह्या दिवाळीत ज्यांच्या घरी नवा फोन आला असेल त्यांनी तो लावताना ‘पुढे’ हे बटण जरा सावकाश दाबावे, आणि समोर प्रश्न आला तर ज्याचा फोन त्याला मोठ्याने वाचून दाखवावा. मुलांना सुट्टीचा अभ्यास म्हणून एवढेच द्यावे : ‘पानिपत’ हा शब्द दोन निराळ्या विहिरींच्या शोधयंत्रांना विचारावा, तोच मराठी विश्वकोशात पाहावा, आणि तिन्ही ठिकाणी पहिल्यांदा काय आले ते वहीत लिहून आणावे. शाळा उघडल्यावर मी त्या वह्या आनंदाने तपासीन.